घरचा माणूस गेल्यावर: वारस नोंद, फ्लॅट, बँक आणि विमा यांचे कागद कसे करायचे

वडील गेले की जमीन, फ्लॅट आणि बँकेतले पैसे यांवरचा वारसांचा हक्क त्याच क्षणी सुरू होतो. नोंद मात्र आपोआप होत नाही, ती मागून घ्यावी लागते. ती मागायची राहिली म्हणून आजोबांच्या नावाचे सातबारे आजही नातवंडांच्या हाती आहेत. मग पीककर्ज अडतं, अनुदान अडतं, भूसंपादनाचा मोबदला कोर्टात जाऊन पडतो.

बहुतेक घरांत एकच गोष्ट चुकते. कुणाला काय मिळणार हे ठरवणं आणि वारसांची नावं लावणं ही दोन कामं एकात मिसळली जातात. 'बहिणींना नकोच आहे, त्यांची नावं कशाला लावायची' असं म्हणून अर्ज दिला जातो आणि पुढची वीस वर्षं तो कागद खोटा म्हणून अंगावर येतो. आधी सगळ्या वारसांची नावं लावायची. कुणाला हक्क सोडायचा असेल, वाटप करायचं असेल तर ते त्यानंतर, वेगळ्या कागदाने.

मृत्यू दाखला

मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनामूल्य होते. रुग्णालयात मृत्यू झाला तर रुग्णालय कळवतं. घरी झाला तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत घरच्यांनी जायचं. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, त्यापुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि एक वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नोंद मृत्यू जिथे झाला तिथे होते, माणूस राहत होता तिथे नाही. साताऱ्याचा माणूस पुण्याच्या रुग्णालयात गेला तर दाखला पुण्यात मिळणार. गावच्या ग्रामसेवकाकडे चकरा मारून उपयोग नाही.

दाखल्यासाठी नाव सांगताना सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक समोर ठेवा. वारस नोंदीचे अर्ज परत येण्याचं एक मोठं कारण म्हणजे नावातला फरक. सातबाऱ्यावर 'बाळू रामा', आधारवर 'बाळासाहेब रामचंद्र' आणि दाखल्यावर 'बाळकृष्ण'. ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे तलाठ्याला कागदावरून कळत नाही. दाखल्यात चूक झाली असेल तर ती जन्म-मृत्यू निबंधकाकडे पुराव्यानिशी दुरुस्त करून मिळते. दाखला बरोबर आहे पण जुन्या सातबाऱ्यावर घरगुती नाव आहे, असं असेल तर 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र आणि जोडीला शाळेचा दाखला, जुना फेरफार (सातबाऱ्यावरची नावं बदलल्याची नोंद) किंवा रेशनकार्ड द्यावं. दाखल्याच्या दहा-बारा प्रती एकदमच काढून ठेवा. बँक, विमा कंपनी, सोसायटी, तलाठी, वीज कंपनी, प्रत्येक जण एक ठेवून घेतो.

वारस कोण

हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गाचे वारस. त्यांना सारखे वाटे. यातली आई हमखास विसरली जाते. समजा मागे पत्नी, दोन मुलगे, एक विवाहित मुलगी आणि म्हातारी आई आहे. वाटे पाच, प्रत्येकाला एक पंचमांश. आई नंतर वारली तर तिचा वाटा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो, म्हणजे तुमच्या काका-आत्यांचाही त्यात हक्क येतो. वडील मात्र पहिल्या वर्गात नाहीत. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याच्या जागी त्याची विधवा पत्नी आणि मुलं येतात, मुलगी वारली असेल तर तिची मुलं.

मुलीचं लग्न कधी झालं, हुंडा दिला की नाही, माहेरी येणंजाणं आहे की नाही, याचा वारसाशी काही संबंध नाही. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाइतकीच सहदायाद, म्हणजे जन्मापासूनची वाटेकरी, आहे आणि वडील ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असायला हवे होते ही अट लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं आहे. पहिलं लग्न कायम असताना केलेल्या दुसऱ्या बायकोला वारस हक्क मिळत नाही. तिच्या मुलांना वडिलांच्या मालमत्तेत मिळतो, त्यामुळे ती नावं अर्जातून गाळू नका.

स्त्रीच्या मालमत्तेचा क्रम वेगळा आहे. आधी नवरा आणि मुलं. मूल-नातवंडं नसतील तर आई-वडिलांकडून आलेली मालमत्ता माहेरच्या वारसांकडे आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेली सासरच्या वारसांकडे जाते. मुस्लिम कुटुंबांना शरियतचे नियम आणि ख्रिस्ती कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. गोव्यात तर चौकटच निराळी: तिथे पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा आहे, नवरा-बायकोची मालमत्ता सामान्यतः निम्मी-निम्मी समजली जाते आणि वारसाचं काम विशेष नोटरीपुढे किंवा कोर्टातल्या इन्व्हेंटरीने, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटप करण्याच्या कामाने, होतं. पुढे सांगितलेली सातबाऱ्याची आणि सोसायटीची पद्धत महाराष्ट्राची आहे.

सातबाऱ्यावर वारस नोंद

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं. २०२४ पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी आहे. लोकांच्या तोंडी तलाठीच आहे. मुदत उलटली म्हणून हक्क बुडत नाही, वीस वर्षांनीही नोंद होते. पण मधल्या काळात आणखी एक-दोन वारस गेलेले असतात आणि प्रत्येकाचे दाखले, प्रत्येकाची मुलं शोधत बसावं लागतं.

अर्ज तलाठी कार्यालयात देता येतो किंवा ई-हक्क प्रणालीवर स्वतःचं खातं उघडून घरबसल्या करता येतो. अर्ज लिहायच्या आधी मयताच्या नावावर नेमकं काय आहे ते काढा. त्यासाठी नमुना ८-अ उपयोगाचा, कारण त्यात त्या गावातले खात्यावरचे सगळे गट एकत्र दिसतात. एक गट आठवला, दुसरा राहिला, असं होत नाही. जमीन दोन गावांत असेल तर दोन अर्ज. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. फुकट दिसणारा विनासहीचा सातबारा फक्त माहितीसाठी.

अर्जासोबत मृत्यू दाखला, अलीकडचे सातबारा आणि ८-अ, सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र, वंशावळ, आणि वारसांचे आधार व रेशनकार्ड जोडा. वंशावळीत मयत माणसाची सगळी मुलं लिहा, आधी वारलेलीसुद्धा. त्यांच्यापुढे 'मयत' आणि पुढचे वारस असतील तर तेही. बहिणींची नावं माहेरच्या नावाने लिहून पुढे सासरचं नाव द्यावं, म्हणजे आधारशी जुळतं. कुणी वारस अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा, असेल तर पालनकर्त्याचं नाव लागतं.

यानंतर अर्ज गाव नमुना ६-क म्हणजे वारस नोंदवहीत घेतला जातो, चौकशी होते आणि नमुना ६ मध्ये फेरफार उतरतो. फेरफाराचा क्रमांक लिहून घ्या. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. फेरफाराची नोटीस 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावरही दिसते. गावाबाहेर राहणाऱ्यांनी, विशेषतः बहिणींनी, ती अधूनमधून बघत जावी. आपलं नाव गाळलेला फेरफार मंजूर होण्याआधी पकडला तर एका साध्या लेखी हरकतीवर थांबतो. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारा बदलतो.

बदललेला सातबारा हाती आला की तीन जागा बारकाईने वाचा. एक, नावाच्या अलीकडे-पलीकडे 'ए.कु.मॅ.' लिहिलंय का. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर: थोरल्या भावाचं एकट्याचं नाव लागलेलं असतं आणि बाकीचे वारस त्याच्यामागे झाकले जातात. पुढच्या पिढीत तो थोरला आणि त्याची मुलं स्वतःलाच मालक समजू लागतात. हा शेरा कमी करून सगळ्या वारसांची नावं लावण्याचा अर्जही ई-हक्कवर आहे. दोन, बहिणींची नावं खातेदाराच्या रकान्यात आहेत की 'इतर अधिकार' मध्ये. जुन्या काळी त्यांना सर्रास इतर अधिकारात टाकलं जायचं. त्यांची जागा खातेदारांतच आहे. तीन, नावाची अक्षरं आणि क्षेत्र. टंकलेखनाची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज द्यावा, अपिलाची गरज नसते.

निर्णयच चुकीचा असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील. आणि अर्ज नुसताच पडून असेल तर तहसीलदारांना लेखी स्मरणपत्र, त्यावर आवक शिक्का, आणि तरीही हालचाल नसेल तर १० रुपयांच्या माहिती अधिकार अर्जात फक्त एवढंच विचारा: माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर रोज काय कार्यवाही झाली आणि तो सध्या कुणाच्या टेबलावर आहे. तोंडी विचारणा वर्षभर केली तरी फाईलमध्ये तिची खूण राहत नाही.

एक लक्षात ठेवायचं: फेरफार हा मालकीचा निवाडा नाही. महसुलासाठी केलेली ती नोंद आहे. मृत्युपत्र खरं की खोटं, दत्तक झालं की नाही, असे वाद मंडळ अधिकारी सोडवू शकत नाहीत. ते दिवाणी न्यायालयाचं काम.

हक्कसोड आणि वाटप

बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. शंभराच्या स्टँपवर 'माझा हक्क नाही' असं लिहून अंगठा घेतला किंवा तलाठ्यासमोर जबाब दिला, याला काडीची किंमत नाही. वारसाने आलेल्या वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क आई-वडील, भाऊ-बहीण, मुलं किंवा पती-पत्नी यांच्या लाभात विनामोबदला सोडला तर मुद्रांक शुल्क ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये आहे, आधी २०० होतं. पैसे घेऊन सोडला तर तो व्यवहार विक्रीसारखा धरला जातो आणि शुल्कही तसंच लागतं. हक्कसोड मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. सही करणाऱ्या बहिणीने आधी सातबारा, गटांची यादी आणि आपला वाटा किती हे स्वतः बघावं आणि मसुदा दोन दिवस घरी नेऊन वाचावा. भावांनीही याची घाई करू नये. दबावाखाली घेतलेलं हक्कसोडपत्र कोर्टात टिकवणं फार अवघड जातं.

शेतीचं सहमतीने वाटप जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे होतं. तिथे तुकडेबंदीचा अडसर येतो: बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे आहे, त्याखालचे तुकडे पाडता येत नाहीत. वारस नोंदीला ही अडचण नसते, कारण तिथे जमीन तुटत नाही, नावं सामाईक लागतात. म्हणून 'आमची जमीन थोडी आहे, नावं लागणार नाहीत' हे कुणी सांगितलं तर ऐकू नका.

सोसायटीतला फ्लॅट

नॉमिनी मालक नसतो. तो वारसांच्या वतीने मिळकत किंवा पैसे हातात घेणारा माणूस आहे. सोसायटीच्या बाबतीत महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये घातलेलं कलम १५४ब-१३ हेच सांगतं: सभासद वारल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करायचं आणि खरे वारस ठरले की त्यांच्या नावे हस्तांतर. ते मृत्युपत्र, कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा सगळ्या वारसांनी मिळून केलेला कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांवर होतं.

नॉमिनीने सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा. अर्जासोबत मृत्यू दाखला, मूळ भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट), खरेदीच्या करारनाम्याची आणि सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू) प्रत, आणि हमीपत्र द्यायचं. नॉमिनेशन नसेल तर सोसायटी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देते, हरकती मागवते आणि वारसांपैकी कुणाच्या नावे करायचं याला इतरांची लेखी संमती घेते. हस्तांतर शुल्क ५०० रुपये. महापालिका क्षेत्रात २५,००० रुपयांपर्यंत घेतला जाणारा प्रीमियम वारसाच्या किंवा नॉमिनीच्या हस्तांतराला लागू होत नाही. कमिटीने मागितला तर उपविधी दाखवून लेखी नकार द्यावा आणि गरज पडली तर उपनिबंधकांकडे जावं.

फ्लॅट नवरा-बायकोच्या संयुक्त नावावर असेल तर नवऱ्याच्या पश्चात अख्खा फ्लॅट बायकोचा होतो, असा समज फार पसरलेला आहे. तसं नाही. बायकोचा अर्धा तिचाच. नवऱ्याच्या अर्ध्यात बायको, मुलं आणि नवऱ्याची आई सारखे वाटेकरी. मुलांना तो आईच्याच नावे करायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र. भाग दाखल्यामागे आईचं नाव लिहून आलं की काम झालं असं समजून लोक थांबतात आणि दहा वर्षांनी फ्लॅट विकायला काढला की खरेदीदाराची बँक विचारते, मुलांनी हक्क कधी सोडला? तोवर एक मुलगा परदेशात असतो.

कागदच नसतील किंवा वारसांत एकमत नसेल तर स्थावरासाठी दिवाणी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यावं लागतं. महाराष्ट्रात ते अजूनही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ खाली मिळतं. ठेवी, शेअर, येणी यांसाठी लागतं ते उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं. कोर्टात अर्ज करताना कोणतं मागताय हे वकिलाला आधीच विचारा. चुकीचं मागितलं तर पुन्हा पहिल्यापासून. सोसायटीनंतर मालमत्ता कराचं बिल, वीज जोडणी आणि शहर हद्दीत असेल तर नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक यांवरची नावंही बदलून घ्या.

बँक, विमा, पेन्शन

मृत्यूनंतर त्यांचं एटीएम कार्ड किंवा यूपीआय वापरून पैसे काढू नका. दवाखान्याचं बिल भरायचं असलं तरीही. खातेदार गेल्यावर ते पैसे सगळ्या वारसांचे असतात आणि पुढे वाद झाला तर प्रत्येक व्यवहाराची तारीख मृत्यूच्या तारखेशी ताडून पाहिली जाते. 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असणारा' असं संयुक्त खातं असेल तर हयात खातेदार व्यवहार चालू ठेवू शकतो. त्याने फक्त दाखला देऊन दुसरं नाव कमी करून घ्यावं.

नॉमिनी असेल तर दाव्याचा अर्ज, मृत्यू दाखला आणि नॉमिनीची ओळखपत्रं एवढ्यावर बँकेने पैसे द्यायचे असतात, रक्कम कितीही असो. वारस दाखला मागू नये. नॉमिनी नसेल आणि वारसांत वाद नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, हमीपत्र आणि इतर वारसांचं ना-हरकत यावर काम व्हायला हवं. सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. म्हणून कागद दिल्याची तारखेसह पोच घ्याच. मुदत ठेव मुदतीआधी मोडली तरी अशा वेळी दंड लागत नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात. जुनी, विसरलेली खाती शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे.

पासबुकाची शेवटच्या दोन वर्षांची पानं उलटून बघा. मे-जूनमध्ये ४३६ रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना: कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपये कापलेले दिसले तर सुरक्षा विमा: अपघाती मृत्यूला २ लाख. कित्येक घरांना हा विमा होता हेच कळत नाही. नोकरीत असताना माणूस गेला असेल तर भविष्य निर्वाह निधीच्या रकमेबरोबर ईडीएलआय या निधीशी जोडलेल्या विम्याचे ७ लाखांपर्यंत मिळतात. नमुना २०, १०-डी आणि ५-आयएफ हे तीन अर्ज एकदमच द्यावेत. शेतकरी कुटुंबात सर्पदंश, वीज, बुडून किंवा विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख आहेत. त्यासाठी पंचनामा आणि वैद्यकीय अहवाल लागतात, म्हणून दुःखाच्या घाईतही पोलिसांत वर्दी देणं टाळू नका.

पेन्शन येत असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेलं पेन्शन परत वसूल होतं आणि कुटुंब निवृत्तिवेतन त्यात अडकून बसतं. पीएम किसानच्या हप्त्यांचंही तसंच. पॅनकार्ड मात्र लगेच रद्द करू नका. गेलेल्या माणसाचं त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून मृत्यूच्या दिवसापर्यंतचं उत्पन्न करपात्र असेल, किंवा कापलेला टीडीएस परत घ्यायचा असेल, तर वारसाला आयकर पोर्टलवर प्रतिनिधी म्हणून नोंदणी करून त्यांचं विवरणपत्र भरावं लागतं, आणि परतावा जमा व्हायला एक खातं चालू हवं. तो परतावा आला की मग पॅन आणि खातं बंद करा.